पहिलं रीडिंग

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांचा मशीन शॉप तुम्ही दोन वर्षांपासून बघताय. एमबीएला ‘बिझनेस एथिक्स’चा पेपर होता, त्यात मार्कही चांगले पडले, पण शॉपवर त्याचा उपयोग कुठे होतो ते दिसत नाही. नफा-तोटा आकड्यात कळतो, कायदा कलमात लिहिलेला असतो, नैतिकता मात्र ज्याची त्याची. मग धंद्याच्या निर्णयात ती बसते कुठे? आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, की या महिन्यात पिनच्या एका लॉटमध्ये काही नगांचा हार्डनेस, म्हणजे धातूचा कडकपणा, खालच्या मर्यादेपेक्षा दोन पॉइंट कमी आलाय, कस्टमरला महिनाअखेरीस माल हवाय आणि वडील म्हणतात, “एवढं चालतं.”

तुम्ही नैतिकतेबद्दल पानभर लिहिलंत आणि पिनचा उल्लेख दोन ओळींत, कामाची अडचण म्हणून केलात. मी गेली एकतीस वर्षं भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत काढली, आधी क्वालिटीत आणि नंतर प्लँट सांभाळत. या काळात नैतिक प्रश्न माझ्यासमोर नैतिक प्रश्न म्हणून जवळपास कधीच आला नाही. तो इन्स्पेक्शन रिपोर्ट म्हणून आला, पेमेंटची तारीख म्हणून आला, डिस्पॅचचा फोन म्हणून आला. तुमचाही तसाच आलाय.

२००१ सालचा मार्च महिना होता. आम्ही ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमध्ये बसणारं एक फोर्जिंग, म्हणजे तापवून ठोकून घडवलेला भाग, करत होतो. ड्रॉइंगवर हार्डनेस २४१ ते २८५ ब्रिनेल (कडकपणा मोजायचं एक माप). बाराशे नगांचा लॉट हीट ट्रीटमेंट, म्हणजे भट्टीत तापवून कडक करण्याचं काम, होऊन आला, पाच नग तपासले, त्यातले दोन कमी निघाले, २३३ आणि २३६. गाडी गेटवर उभी होती. मी इन्स्पेक्टरला सांगितलं, “अजून पाच काढ.” ते पाचही बसले. रिपोर्टवर दुसऱ्या पाचांचं रीडिंग चढलं आणि खाली माझी सही झाली. पहिलं रीडिंग एका रफ कागदावर होतं, तो कागद दिवसअखेर कचऱ्यात गेला.

त्या क्षणी आपण काही वाईट करतोय असं मला वाटलं नाही, हे मी तुम्हाला अगदी प्रामाणिकपणे सांगतो. रीटेस्ट हा आमच्याकडे रोजचा शब्द होता. पहिल्या वेळी पृष्ठभाग नीट घासला नसेल, मशीनचा बॉल झिजला असेल, अशी शंभर कारणं खरीच असतात. मी खोटा आकडा लिहिला नव्हता. लिहिलेला प्रत्येक आकडा खरा होता, फक्त दोन खरे आकडे लिहायचे राहिले होते.

मग काय झालं? मला माहीत नाही. तक्रार आली नाही, नग परत आले नाहीत. पण काही झालं नाही असं मी म्हणू शकत नाही. ते ट्रॅक्टर कुठल्या गावात गेले, कुणाच्या उसाच्या ट्रॉलीला जुंपले गेले, उतारावर कुणाच्या हातात स्टिअरिंग होतं, यातलं काहीच माझ्यापर्यंत येण्याची सोय नव्हती. डोळ्याआड सृष्टी. तो ट्रॅक्टर चालवणारा माणूस माझ्या निर्णयाचा सगळा धोका वाहत होता, आणि निर्णय झाला त्या टेबलावर त्याची आठवणसुद्धा कुणी काढली नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी, स्वतः गावी काकांच्या ट्रॅक्टरवर बसलो असताना, ते रीडिंग मला आठवलं. तेव्हापासून ते गेलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. प्रत्येक धंदेवाईक निर्णयात कुणाला तरी फायदा होतो आणि कुणावर तरी धोका किंवा तोटा पडतो. तोटा आपल्यावरच पडत असेल, किंवा समोरच्याला तो माहीत असून त्याने पत्करला असेल, तर तो व्यवहाराचा प्रश्न. तोटा अशा माणसावर पडत असेल, जो टेबलावर नाही, ज्याला कळणार नाही, ज्याला ‘नको’ म्हणता येणार नाही, तर नफ्या-तोट्याच्या आकडेमोडीत तो दिसत नाही, आणि त्याच्याकडे बघण्याचं काम दुसऱ्या कशाने तरी करावं लागतं. नैतिकता बसते ती तिथे. ती ज्याची त्याची नसते, कारण पिन तुटली तर ती प्रत्येकासाठी सारखीच तुटते.

माझ्यापेक्षा मोठं आणि नीट नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतल्या डेनिस जॉईया यांचं आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते फोर्डमध्ये होते आणि गाड्या परत बोलावण्याच्या, म्हणजे रिकॉलच्या कामाचे समन्वयक होते. फोर्डने १९७० मध्ये पिंटो नावाची छोटी गाडी आणली होती. तिची पेट्रोलची टाकी मागच्या अॅक्सलच्या मागे होती आणि मागून धडक बसली की टाकी फुटून आग लागण्याचा धोका होता. जॉईया विद्यार्थिदशेत मोठ्या कंपन्यांवर टीका करणारे, आपण आत जाऊन काहीतरी बदलू अशा विचाराचे. त्यांच्याकडे रोज ढीगभर तक्रारी यायच्या. त्यातून निवड करायला दोन खुणा होत्या : तीच घटना वारंवार घडते का, आणि तिचं नेमकं तांत्रिक कारण दाखवता येतं का. पिंटोच्या आगीच्या घटना तेव्हा मोजक्या होत्या आणि कारण एका भागावर बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. जॉईयांनी जळालेली पिंटो स्वतः पाहिली, अस्वस्थ झाले, विषय बैठकीत मांडला. बैठकीने रिकॉल नको असं ठरवलं आणि त्यांनीही तसंच मत दिलं. त्यांच्याकडे स्वतःची पिंटो होती, ती त्यांनी पुढे आपल्या बहिणीला विकली. पाषाणहृदयी माणूस बहिणीला अशी गाडी देत नाही. त्यांना धोका खरोखर दिसलाच नव्हता.

फोर्ड सोडून ते प्राध्यापक झाले आणि १९९२ मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःच्या नावानिशी लिहिलं. त्यांचा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो : कामाची ठरलेली चौकट इतकी अंगवळणी पडली होती, की त्यात नैतिकतेचा रकानाच नव्हता. त्यांनी नैतिक विचार करून तो बाजूला सारला असं झालं नाही. तो विचार त्यांच्या मनात आलाच नाही.

पिंटोबद्दल एक गोष्ट सगळीकडे चुकीची सांगितली जाते, तुमच्या वर्गातही बहुधा तशीच सांगितली असेल. फोर्डचा एक हिशेबाचा कागद प्रसिद्ध आहे : दर गाडीला ११ डॉलरची सुधारणा, सव्वा कोटी गाड्या, म्हणजे खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर. दुसऱ्या बाजूला १८० मृत्यू, प्रत्येकी दोन लाख डॉलर, शिवाय भाजलेले लोक आणि जळालेल्या गाड्या, मिळून सुमारे ४ कोटी ९५ लाख डॉलर. म्हणून सुधारणा परवडत नाही. लोक समजतात की हा कागद समोर ठेवून कुणीतरी पिंटो जळू द्यायचं ठरवलं. प्रत्यक्षात तो देशभरातल्या गाड्यांचा, गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीबद्दलचा हिशेब होता, सरकारी सुरक्षा खात्यापुढे नियमाला हरकत घेण्यासाठी केलेला, आणि माणसाच्या जिवाची दोन लाख ही किंमत त्या सरकारी खात्याच्याच आकडेवारीतून घेतलेली होती. मी हे फोर्डची बाजू घ्यायला सांगत नाही. खरी हकीकत मला जास्त भयंकर वाटते म्हणून सांगतो. खलनायक असता तर त्याला ओळखून हाकलता आलं असतं. इथे सगळ्यांनी आपापलं काम रीतसर केलं होतं.

१९७८ मध्ये शेवटी सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. आणि १९८० मध्ये इंडियाना राज्यात मनुष्यवधाच्या फौजदारी खटल्यात ज्युरीने फोर्डला निर्दोष ठरवलं. कायदा आणि नैतिकता एकच असती तर विषय तिथे संपला असता. चाळीस वर्षांनंतरही तो संपलेला नाही.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून थोडक्यात. २०१३च्या कंपनी कायद्याचं १६६वं कलम संचालकांवर भागधारकांबरोबरच कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताची जबाबदारी टाकतं. वाक्य चांगलं आहे. पण तुमचा लॉट पाठवायचा की नाही ते कुठलंच कलम सांगणार नाही. कायदा काल झालेल्या अपघातांवरून लिहिला जातो.

आता तुमचा खरा पेच : नैतिक प्रश्न कामाच्या कागदात लपलेला असेल तर तो दिसणार कसा? माझ्या अनुभवात दोन जागा अशा आहेत, जिथे पाणी मुरतं.

पहिली जागा म्हणजे सिद्ध कुणी करायचं हे गुपचूप उलटणं. २७ जानेवारी १९८६च्या रात्री चॅलेंजर यान सोडण्याआधी, त्याची रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत नासाला सांगितलं, की थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी ताठर होते, १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण करू नका. नासाकडून नाराजी आली. कंपनीने थोडा वेळ मागून आतल्या आत चर्चा केली, आणि तिथे एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षांना सांगितलं, की आता इंजिनिअरची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. निर्णय फिरला. दुसऱ्या दिवशी ७३व्या सेकंदाला यान फुटलं आणि सात जण गेले. नंतर त्या इंजिनिअरांपैकी काहींनी सांगितलं, की एरवी त्यांना ‘सुरक्षित आहे’ हे सिद्ध करावं लागायचं, त्या रात्री ‘असुरक्षित आहे’ हे सिद्ध करायला सांगितलं गेलं.

हे वाचून मी माझ्या २००१च्या रीटेस्टकडे पुन्हा पाहिलं. पहिले पाच नग पास झाले असते, तर मी अजून पाच काढायला सांगितलं असतं का? कधीच नाही. नापास झाल्यावरच मी पुरावा मागितला. तेव्हापासून माझ्या शॉपवर नियम असा होता : रीटेस्ट करायची तर करा, पण पहिलं रीडिंग त्याच कागदावर पेनाने राहील, आणि रीटेस्टला आधीपेक्षा दुप्पट नग लागतील. नियम शांत दिवशी ठरवला, गाडी गेटवर नसताना. गाडी गेटवर असताना ठरवलेल्या नियमावर माझा विश्वास नाही.

दुसरी जागा म्हणजे ‘एवढं’ हा शब्द. हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण तुम्हाला माहीत असेल. ७ जानेवारी २००९ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, की कंपनीच्या वह्यांमधली रोख आणि बँकेतली शिल्लक हजारो कोटींनी फुगवलेली आहे. त्या पत्रात त्यांनी असंही सांगितलं, की सुरुवात प्रत्यक्ष नफा आणि दाखवलेला नफा यांतल्या किरकोळ फरकाने झाली आणि वर्षागणिक तो फरक वाढत गेला. जेमतेम चार महिने आधी याच कंपनीला चांगल्या कारभाराचा एक मोठा पुरस्कार मिळाला होता. पुढे आपल्या पुण्यातल्या टेक महिंद्राने ती कंपनी घेतली आणि २०१५ मध्ये राजूंना सात वर्षांची शिक्षा झाली. मी गुन्ह्याची तुलना तुमच्या पिनशी करत नाही. मला त्या किरकोळ फरकाबद्दल बोलायचंय. दोन पॉइंट एकदा चालले की पुढच्या वेळी मर्यादा ड्रॉइंगवरची राहत नाही, ‘मागच्या वेळी चाललं ती’ होते. मग तिथून अजून दोन. तुमच्या हीट ट्रीटमेंटवाल्यालाही ते कळतं, आणि तो भट्टीचा वेळ त्या हिशेबाने धरायला लागतो.

इथे तुमचे वडील म्हणतील, आणि ते चुकीचं नाही, की ड्रॉइंगच्या मर्यादेत डिझाइनरने मार्जिन धरलेलं असतं. असतंच. दोन पॉइंट कमी असलेली पिन कदाचित दहा वर्षं चालेल. पण ते मार्जिन कशासाठी ठेवलंय ते डिझाइनरला माहीत आहे, तुम्हाला नाही. कदाचित रस्त्यावरच्या ओव्हरलोडसाठी त्याने ते आधीच खर्च केलेलं असेल.

आणि याचसाठी आपल्या धंद्यात एक सरळ रस्ता आहे : डेव्हिएशन. लॉट नंबर, नगांची संख्या, सगळी रीडिंग लिहून कस्टमरकडे पाठवायची आणि विचारायचं, हा माल या अवस्थेत घेणार का? त्यांचा डिझाइनवाला गणित करून हो किंवा नाही म्हणेल. आता बघा, तीच पिन, तोच हार्डनेस, तोच ट्रक. सांगून गेली तर व्यवहार, न सांगता गेली तर फसवणूक. लोखंडात काहीच बदललेलं नाही. बदललं एवढंच, की धोका कुणाच्या डोक्यावर आहे ते मोजू शकणाऱ्या माणसाला तो कळला.

आता एक गोष्ट, जी व्याख्यानांत सांगत नाहीत. प्रामाणिकपणा शेवटी फायद्याचाच ठरतो, असं तुम्हाला शिकवलं असेल. मी तसं सांगणार नाही, कारण ते नेहमी खरं नसतं. २००९ मध्ये मी दुसऱ्या एका कारखान्यात असाच एक लॉट थांबवला, कस्टमरला कळवलं. त्यांनी लॉट नाकारला, आणि तीन महिन्यांत तो पार्टच दुसऱ्या व्हेंडरकडे गेला. त्या लाइनवरची चौदा कंत्राटी मुलं घरी बसली. त्यातली दोन जळगावकडची, खोलीचं भाडं थकलेलं. मी टेबलावर नसलेल्या ट्रॅक्टरवाल्याचा विचार केला होता, पण ही मुलंही टेबलावर नव्हतीच. मालकांनी मला बोल लावला नाही, पण ती मुलं गेटपाशी निरोप घ्यायला आली तेव्हा मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

निर्णय बरोबर होता, असं मी आजही मानतो. पण अपुरा होता. लॉट थांबवण्याच्या दिवशीच मी हिशेबात धरायला हवं होतं, की याची किंमत कुणावर येणार आणि ती मालकांच्या खिशाकडे कशी वळवायची : त्या मुलांना दुसऱ्या लाइनवर घेणं, निदान दोन महिन्यांचं पुढचं काम बघून देणं. त्यासाठी लागणारे पैसे कारखान्याकडे होते. मी मागितले नाहीत, कारण मला वाटलं माझं कर्तव्य रिपोर्टवर संपलं. नैतिक निर्णय घेतला म्हणजे हात स्वच्छ झाले असं होत नाही, त्या निर्णयाचेही परिणाम कुणीतरी सोसतं.

त्याच कारणाने पेमेंटबद्दलही लिहितो. तुमच्या शॉपवर जॉबवर्क करून देणारे असतील, प्लेटिंगवाला, ग्राइंडिंगवाला. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यात २०२३-२४च्या हिशेबापासून ४३बी(एच) ही तरतूद आली : मुदतीत न दिलेली रक्कम ती प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच खर्च म्हणून धरता येते. ही तरतूद आली तेव्हा मला ओळखीच्या दोन लहान कारखानदारांचे फोन आले, की मोठी पार्टी म्हणते उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) रद्द करून ये, नाहीतर काम बंद. नियम ज्याच्यासाठी केला त्यालाच नियमाबाहेर ढकललं. कॅश फ्लोचा निर्णय म्हणून हे कुणीतरी अगदी थंड डोक्याने एक्सेलमध्ये केलं असणार. प्लेटिंगवाल्याचा पगारवाटपाचा दिवस त्या शीटमध्ये नसतो. तुमच्या शीटमध्ये तो घाला, खरोखर एक रकाना करून : ‘याच्याकडे पगार कधी होतो’. मी केला होता. त्यानंतर अकाउंट्सवाल्यांनी स्वतःहून तारखा अलीकडे आणल्या, मला काही सांगावं लागलं नाही.

परिणाम बघायचे की कर्तव्य, हा जुना वाद अभ्यासक्रमात असतो. दोन्हींचा उपयोग होतो, पण दोन्ही पद्धती प्रश्न दिसल्यानंतरच्या आहेत. माझा सगळा अनुभव सांगतो की खरं काम त्याच्या आधीचं आहे.

आता तुमचा लॉट. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे तो बाजूला लाल टॅग लावून ठेवा, चांगल्या मालात मिसळू देऊ नका. हीट ट्रीटमेंटवाल्याकडून त्या चार्जचा, म्हणजे एका वेळी भट्टीत घातलेल्या मालाचा, भट्टीचा चार्ट मागवा. मोजक्या नगांवर न थांबता, भट्टीच्या वेगवेगळ्या जागांतले निदान तीस नग तपासा आणि कमी आलेली रीडिंग आहेत तशी लिहा. दुपारपर्यंत कस्टमरच्या क्वालिटीवाल्याला फोन करा, मेल नंतर. फोनवर त्याला विचारा की लाइन चालू ठेवायला त्याला किमान किती नग लागतात, तेवढे चांगले नग वेगळे काढून रात्रीच्या गाडीने देता येतील का ते बघा, बाकीच्यांसाठी डेव्हिएशन मागा किंवा पुन्हा हीट ट्रीटमेंटला पाठवा. पुन्हा भट्टीत घालणं या स्टीलला चालतं का ते आधी त्यालाच विचारा. आणि हा फोन वडिलांना न सांगता करू नका. त्यांच्यासमोर बसून, स्पीकर लावून करा. ‘एवढं चालतं’ हे त्यांनी त्यांच्या काळात कुणाच्या तरी भरवशावर शिकलेलं असणार. ते कुणाच्या, हे त्यांना आज रात्री जेवताना विचारा.